करकंबच्या सात फटफट्या

मी मोटारसायकलींचा इतिहास लिहितो आणि मला मोटारसायकल चालवता येत नाही. सोलापुरात हे दोघांनाच ठाऊक आहे, माझ्या बायकोला आणि माझ्या डाव्या गुडघ्याला. मी फिरतो बिनगिअरच्या स्कूटरवर. कुठल्याही गावात शिरण्याआधी ती लांब लावतो आणि हेल्मेट काखेत मारून चालत जातो. लोकांना वाटतं, फटफटी मागे कुठंतरी उभी असेल.

करकंबनं माझ्या पुस्तकाला सगळ्यात झकास प्रकरण दिलं होतं. तिथल्या सात घरांत सात जुने फोटो सापडले. प्रत्येकात एक तरणाबांड गडी, डोळ्यांवर गॉगल, बुडाखाली फटफटी. त्या काळी एका गावात सात फटफट्या! ऊस, साखर कारखाना आणि तरुणांची वेगाची ओढ यांवर मी बारा पानं लिहिली. फोटोंतले एक आजोबा अजून खणखणीत होते. त्यांनी मला गाडीचा आवाजसुद्धा काढून दाखवला. "श्रीपूरला निगालो की हितं मागं म्हशी दावं तोडायच्या," म्हणाले. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

प्रकरण छापायला जायच्या आदल्या दिवशी बायको शेंगा फोडता फोडता फोटो बघत होती.

"अहो, ही सगळी एकच गाडी आहे की."

"एकाच बनावटीच्या असतील."

"टाकीवरचा पोचापण एकाच बनावटीचा? आणि गॉगलची काडी दोऱ्यानं बांधायची फॅशन होती का?"

भिंग काढलं. सातही टाक्यांवर तोच पोचा. अकरा वर्षं फटफट्यांवर संशोधन केलेला माणूस शेंगांच्या टरफलांत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी छपाई थांबवून मी करकंब गाठलं. गडबडीत स्कूटर थेट आजोबांच्या दारात लावली. ते ओट्यावर बसले होते. मी सातही फोटो पुढं मांडले. त्यांनी आधी घरात नजर टाकली, मग माझ्याजवळ सरकले.

"हळू बोला. गाडी फोटोवाल्या चाचाची. बाजाराच्या दिवशी फोटोपुरती यायची."

"चाचा चालवत आणायचे?"

"बैलगाडीतनं. इंजिन कुटं हुतं तिला?"

माझी बारा पानं त्याच बैलगाडीत बसून निघून गेली.

"आणि त्या म्हशी?"

"म्हशी हुत्या की. म्हशी खऱ्या."

मग त्यांनी माझा हात धरला. "सर, ह्ये छापू नका. फोटो बघून हिच्या बानं पोरगी दिली. गाडी लग्नाआदी इकली म्हनून सांगितलंय मी. पन्नास वर्सं झाली. आता ह्या वयात हिच्यापुडं खोटा पडू व्हय?"

बारा पानं खोटी छापायची तर बायको घरात ठेवणार नाही आणि खरं छापायचं तर म्हातारा घरचा राहणार नाही. मी चेहरा गंभीर करून "बघू" म्हणालो. तेवढ्यात आजी चहा घेऊन बाहेर आल्या. मी घाईघाईनं फोटोंवर हेल्मेट ठेवलं. त्याखाली दोनच फोटो मावले.

आजींनी बाकीचे निवांत बघितले. आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं आणि आठवा फोटो घेऊन आल्या. गडी वेगळा. गॉगल तोच, पोचा तोच.

"माजा थोरला भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या बाजारालाबी यायची की ती बैलगाडी."

आजोबांची बशी ओठांपाशीच थांबली. "म्हंजे तुला ठावं हुतं?"

"तुमचा फोटो आला तवापासनं. घरात सगळी हसून लोळली."

"मग हो कशाला म्हनलीस?"

"भाऊ बगा कसा दात काडून बसलाय. आन् तुमी? गाडी पळून जाईल म्हनून घट्ट धरल्यावानी. म्हनलं, ह्यो गडी टाकून जायचा न्हाय."

"आन् पन्नास वर्सं बोलली न्हाईस?"

"म्हशीचं लई झ्याक सांगता की."

आजोबा चहा सोडून हसत सुटले. माझ्याकडं वळून आजी म्हणाल्या, "छापा खुशाल. पर मला कवा बसवलं न्हाय गाडीवर, ह्ये बी लिवा." मग त्यांची नजर दाराकडं गेली. "ती कुनाची?"

"माझी," मी कबूल केलं.

"फटफट्यांचं पुस्तक लिवता आन् ह्याच्यावर फिरता?"

दोघांनी मिळून हसायला त्यांना आणखी एक माणूस मिळाला. मी स्कूटर स्टँडवर घेतली. आजोबा पुढं बसले, हँडल तसंच घट्ट धरून. आजी मागं. फोटो काढण्याआधी मी विचारलं, "चालू करू का?"

"नगं," आजोबा घाईनं म्हणाले. "फोटोत आवाज कुटं येतो?"

प्रकरण आता चार पानांचं झालंय, म्हशींसकट. शेवटी तो फोटो आहे आणि त्याखाली मी लिहिलंय: करकंबची दुसरी गाडी. हिला इंजिन आहे.