शेऱ्याचा रकाना

महाड-पोलादपूर परिसरात संगणकीय मापनाच्या युगाचा प्रारंभ आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत झाला. हे मी म्हणत नाही. प्रयोगशाळेच्या दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवर तसं कोरलेलं आहे. मान्यवरांनी फीत कापली, माउसचं बटण दाबलं आणि पडद्यावर तापमानाचा आलेख शिस्तीत वर-खाली होऊ लागला. टाळ्या झाल्या. त्या दिवसाच्या नोंदवहीत, 'शेरा' या शेवटच्या रकान्यात, निळ्या शाईने एक ओळ लिहिलेली आहे: 'आलेख उत्तम. सेन्सर माझ्या खिशात होता.'

ही ओळ नानांची.

नाना आमचे प्रयोगशाळा सहायक. मूळचे वर डोंगरावरच्या कुडपणचे. आठवडाभर महाडात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी एसटी जाईल तिथपर्यंत एसटीने आणि पुढे पायी, असे घरी जायचे. शिक्षण वायरमनचं. इतर लोक खिशाला पेन लावतात तिथे नानांचा टेस्टर असे, आणि पेन कानावर. वयाने त्यांच्याहून मोठे असलेले प्राचार्यही त्यांना नानाच म्हणत.

सेन्सर खिशात का होता, ते सांगायला हवं. मापं घेण्याच्या या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. मोजायचं यंत्र जोडलेलं नसेल तर सरावासाठी ते स्वतःच खोटी मापं तयार करून दाखवतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमची खरी मापं थरथरत होती, कारण कुठेतरी एक वायर सैल होती. प्राचार्य म्हणाले, "उद्यापुरतं ते खोटं चालू ठेवा, दिसायला बरं आहे." ते चालू करणारी मी. प्रयोगशाळेची प्रमुख व्याख्याती मीच होते. नानांनी सेन्सर काढून खिशात टाकला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाव्हण्यांच्या चहात पडायला नको."

नोंदवहीत शेऱ्याचा रकाना सगळीकडेच असतो आणि सगळीकडेच त्यात 'ठीक' लिहिलेलं असतं. नाना तो रकाना मनापासून भरत. 'दार वाऱ्याने आपटले.' 'विद्यार्थी क्र. १२ ने सेन्सर तोंडात घालून पाहिला. ३६.८.' एकदा आवाजाची पातळी मोजताना आलेखाने मध्येच टोक काढलं. तिथला शेरा असा: 'मॅडम शिंकल्या.' मी म्हटलं, नाना, ते टोक काढून टाकू, अहवालात बरं दिसणार नाही. ते म्हणाले, "शिंक खरी हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या. शेरा नसलेलं माप म्हंजे पत्ता नसलेलं पाकीट. आत कागद हाय, पण जायचं कुठं?"

सॉफ्टवेअर आलं तेव्हा सोबत एक जाड पुस्तक आलं होतं. त्याचं पहिलं प्रकरण 'सुरुवात कशी करावी'. मी ते तीनदा वाचलं आणि माझी सुरुवात झाली नाही. मी शिकले ते ओळीखाली ओळ लिहून प्रोग्राम करायला. इथे लिहायचं काहीच नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते वायरींनी जोडायचे. एक चौकोन सेन्सरकडून माप आणतो, दुसरा त्याची सरासरी काढतो, तिसरा आलेखावर ठेवतो. मी तासभर त्या चित्रात पहिली ओळ शोधत होते. मागे टेबल पुसत असलेले नाना म्हणाले, "मॅडम, पयली ओळ कशाला शोधताय? पाणी कुठनं येतंय ते बघा."

मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ओल्या बोटाने टेबलावर भाताची खाचरं काढली. डोंगरउतारावर असतात तशी, एकाखाली एक. "वरचं खाचर भरलं की त्याच्या तोंडातनं पाणी खालच्यात. दोन पाटांचं पाणी लागणारं खाचर असंल तर दोन्ही पाट येईस्तोवर ते थांबतं. कुणी हुकूम द्यावा लागत नाय." नेमकं हेच त्या पुस्तकात चौदा पानांत सांगितलं होतं. चौकोनात जेवढ्या वायरी येतात तेवढ्यांतून माप येऊन पोचलं की तो काम करतो, त्याआधी नाही. मी ती पानं परत वाचली आणि मला ती अचानक कळली. टेबल वाळेपर्यंत मी ते पुसू दिलं नाही.

या सॉफ्टवेअरला दोन खिडक्या. पुढच्या खिडकीत काटे, बटणं, आलेख. मागच्या खिडकीत चौकोन आणि वायरींचा गुंता. मुलं पुढची खिडकी सजवण्यात दिवस घालवत. नाना त्यांना सांगत, "पुढं वटी, मागं चूल. पाव्हणा वटीवर बसतो, पण जेवण कुठं व्हतं रे?" एखाद्याने मापं घेण्यात क्षणाचीही उसंत ठेवली नाही आणि संगणक धापा टाकू लागला, की नाना मागून येत. "त्याला श्वास घेऊ दे रे. तू पण घे." तिथे क्षणभर थांबण्याचा एक चौकोन घालायचा असतो. आमची मुलं आजही त्याला नानांचा श्वास म्हणतात. त्यांतली काही आता मोठमोठ्या कारखान्यांच्या चाचणी विभागात आहेत, आणि तिथेही म्हणतात असं ऐकते.

सैल वायर सापडली आणि गरम पाण्याचं पहिलं खरं माप पडद्यावर आलं, त्या दिवशी नानांनी विचारलं, "मॅडम, ह्ये डाळीत चालंल?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काकू, म्हणजे नानांची बायको, माहेरच्या शिवथरच्या, खाली खोऱ्यातल्या. लग्न होऊन कुडपणला आल्या त्या वर्षी गणपतीला मुंबईची सगळी भावकी जमली होती. नव्या सुनेने डाळ करायची ठरलं. काकूंनी माहेरी लागतो तेवढा वेळ डाळ शिजवली. पाणी खळखळत होतं, डाळ खड्यासारखी राहिली. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "शिवथरची डाळ काय दातांनी शिजवायची?" पंगत हसली. तेव्हापासून दर गणपतीला ते वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच, आणि डाळीचा टोप नानांच्या आईच्या ताब्यात असतो.

"पुढं ती शिकली, रोजची डाळ तीच करते. पण गणपतीत तिला टोपाला हात लावू देत नाय. तीस वर्सं नारळ खवतेय," नाना म्हणाले. "पाणी खळखळत व्हतं, मी बघितलं. मंग खोट चुलीत हाय, पाण्यात हाय, का तिच्यात? एकदा मोजायचं हाय."

जुना लॅपटॉप, मापं घेणारी छोटी पेटी आणि सेन्सर घरी नेण्यासाठी त्यांनी रीतसर अर्ज केला. कारण: 'घरच्या डाळीचे तापमान पाहणे.' प्राचार्यांनी तो परत पाठवला. मी कारण बदलून 'दुर्गम भागातील पारंपरिक पाकप्रक्रियेचे संगणकीय मापन' असं लिहिलं. सही पाच मिनिटांत झाली.

सोमवारी नाना आलेख घेऊन आले. रेघ चढत चढत गेली होती आणि सत्त्याण्णव अंशांवर आडवी झाली होती. मी एका नजरेत निदान केलं. "सेन्सर कमी दाखवतोय, नाना. उकळतं पाणी म्हणजे शंभर." सेन्सरमध्ये दोन-तीन अंशांचा फरक असतो, तो असा सुधारून घेतात, असं सांगत मी मागच्या खिडकीत एक चौकोन टाकला, प्रत्येक मापात तीन मिळवणारा. रेघ शंभरावर जाऊन बसली.

"म्हंजे चुलीत खोट नाय?"

"नाही."

"पाण्यात?"

"नाही."

"म्हंजे तिच्यातच," नाना म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. नोंदवहीत त्या दिवशीचा शेरा आहे: 'मॅडमनी तीन अंश वाढवले.' तेव्हा मला तो उगाच खोचक वाटला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गावर असताना निरोप आला, नाना बोलावताहेत. प्रयोगशाळेत किटली उकळत होती, सेन्सर तिच्यात होता. नाना अदबीने उभे होते.

"मॅडम, महाडचं पाणी एकशेतीनला उकळतंय. भायेर पाटी लावायची का? हाय त्या पाटीशेजारी जागा हाय."

मी तीन मिळवणारा चौकोन काढून टाकला. आकडा शंभरावर आला. तोच सेन्सर, तीच वायर, तीच पेटी. मी खुर्चीत बसले. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं: हे मी दर वर्षी शिकवते. 'उदाहरणार्थ, हिमालय' असं फळ्यावर लिहिते. दोन-अडीच तासांवरचा, माझा सहकारी दर शनिवारी जो चढतो तो डोंगर मला कधी सुचला नव्हता.

"नाना, तुमचं माप बरोबर होतं," मी म्हटलं. "चूक मी केली. कुडपणला पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं. खळखळायला लागलं की त्याच्या पुढे तापत नाही, म्हणून डाळीला जास्त वेळ लागतो. कितीही लाकडं घातली तरी."

"किती बी?"

"कितीही."

नानांनी किटलीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "लय लाकडं घातली व्हती तिनं त्या दिवशी."

त्या वर्षी गणपतीला मी कुडपणला गेले. त्यांनी बोलावलंच होतं. डाळीत चूक काकूंची नव्हती, हे चार लोकांत समजावून सांगायला माणूस हवा होता. पडवीत मुंबईकर बसले होते, आत चुलीवर डाळीचा टोप, टोपापाशी आजी, म्हणजे नानांची आई, पळी घेऊन, आणि कोपऱ्यात विळीवर काकू. नानांनी पाटावर लॅपटॉप ठेवला आणि सेन्सर टोपात सोडला. नानांचा एक पुतण्या दारातून ओरडला, "काय नाना, डाळीचा ईसीजी काढताय का?"

"तुजा पण काढीन, जरा थांब," नाना म्हणाले.

रेघ चढली आणि सत्त्याण्णवला आडवी झाली. नानांनी चुलीत लाकडं सारली. जाळ टोपाच्या काठापर्यंत आला, पाणी उसळलं. रेघ हलली नाही. मग महाडच्या किटलीचा आलेख त्यांनी शेजारी दाखवला. मी काय ते शिकवण्याच्या सुरात सांगितलं. कुणाला फारसं कळलं नाही.

"तीनच अंश ना?" आजी म्हणाल्या. "तीन अंशांनी काय व्हतंय?"

"आये, तुला तीन अंश ताप चढला की तू उठून बसतेस का?"

आजींनी विचार केला. "मंग माझी डाळ कशी शिजायची?"

उत्तर कोपऱ्यातून आलं. विळीवरची नजर न काढता काकू म्हणाल्या, "तुमी कोंबडं आरवायच्या आधी ठेवायच्यात, आये."

"ठेवायचीच. माझ्या सासूनं सांगितलं व्हतं."

"मला नाय सांगितलंत."

"तू इचारलं नायस गो."

आजींनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "डोंगराचा राग मी हिच्यावर काढला म्हना की." पळी त्यांनी टोपाच्या कडेवर आपटून झटकली आणि काकूंच्या पुढ्यात धरली. "ऊठ. नारळ तो खवील, मोजनारा."

नाना विळीवर बसले. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली. आमचा कुठलाही निष्कर्ष एवढ्या लवकर अंमलात आलेला मी पाहिला नव्हता. काकू टोपापाशी ताठ उभ्या होत्या आणि सगळं घर पडद्यावरच्या त्या आडव्या रेघेकडे बघत होतं. मला परतीची एसटी गाठायची होती, पंगतीला थांबता आलं नाही. काकूंनी हातात चार मोदक दिले. आठवडाभराने मी विचारलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "डाळीवर पंगतीत कुणी एक शब्द बोललं नाय."

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वायरी तपासल्या हायत. तीन नंबरची बदला." आणि खाली बसले. तीन नंबरची वायर त्यानंतर चार महिन्यांनी तुटली. आता माझ्या मुलांच्या जर्नलमध्ये शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद असतो. 'ठीक' लिहिलेलं असलं तर मी जर्नल परत करते. आणि 'हिमालय' मी खोडलं आहे. फळ्यावर मी 'कुडपण' लिहिते. त्या तासाला मला जो अभिमान वाटतो तो पगाराच्या कुठल्याही टप्प्यावर वाटलेला नाही.

गेल्या महिन्यात वर जाऊन आले. आजी आता नाहीत. नानांनी खाचरांच्या बांधावर पाऊस मोजायचं भांडं ठेवलं आहे. स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, धुराने पिवळा पडलेला एक आलेख काचेत लावून ठेवलेला आहे. पाहुणा आला की काकू तो आधी दाखवतात, पाणी नंतर विचारतात. मी तो पहिल्यांदाच जवळून पाहिला. रेघ सत्त्याण्णवला आडवी. खाली निळ्या शाईत जागा, त्या गणपतीची तिथी, सेन्सरचा क्रमांक, आणि शेवटी शेरा:

'डाळ पूर्ण शिजली. सगळे आलेख बघत होते. मीठ घालायचे राहिले.'