वहिनीला गावलेली गाणी

वहिनी गाणं मधेच बदलायची नाही. आवडलं नाही तर नाक मुरडायची, गाणाऱ्याला नावं ठेवायची, पण ऐकायची शेवटपर्यंत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "धार काढताना हात दुधाचे, फोन लांब खुंटीला. मग काय, लागंल ते ऐकायचं. म्हस बुजली न्हाई की गाणं पास." कोडोलीला तिच्या माहेरी म्हशींचा मोठा गोठा. तिथं रोज पहाटे तिने कुठल्या कुठल्या देशांची गाणी ऐकली होती, आणि त्यातल्या एकाही गायकाचं नाव तिला सांगता यायचं नाही. एकाला ती 'नाकातला' म्हणायची, एकीला 'झोपेतली'. एक होता तो 'भांडून आलेला'.

मी शहरात, राजारामपुरीत वाढले आणि इंग्रजी शाळेत शिकले. घरात जे काही नवीन म्हणून असायचं ते माझ्या खोलीत असायचं. गाणी, कपडे, चित्रं यातलं काही विचारायचं झालं की आई पाहुण्यांना सांगायची, "तिला विचारा, तिला त्यातलं कळतं." मी फारशी बोलत नाही, त्यामुळे हे एक वाक्य मला पुरायचं. दादाचं लग्न कोडोलीच्या मुलीशी ठरलं तेव्हा या वाक्याला काही धोका आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पण थोड्याच महिन्यांत आई माझ्या खोलीवरून पुढे स्वयंपाकघरात जायला लागली. आतून आवाज यायचा, "आज काय लावलंयस गं?"

कपड्यांचंही तेच. लग्नातल्या फेट्यांचं कापड उरलं होतं, त्याचा तिने सैल शर्ट शिवून घेतला. खाली दादाची जीन्स, आणि पायात गडीमाणसं घालतात तसलं करकर वाजणारं पायताण. बाजारात निघाली तेव्हा मी विचारलं, "अशा जाणार आहात?"

"का? उघडी हाय व्हय मी, वन्सं?"

ती मला थट्टेने 'वन्सं' म्हणायची, आणि वर अरे-तुरे करायची. मी स्वतः कितीतरी दिवस फोटो बघून, रंग जुळवून, शेवटी त्या दिवशी काळा कुर्ता घातला होता. माझी एकच जवळची मैत्रीण आहे. तिने त्या आठवड्यात फोन करून विचारलं, "तुझ्या वहिनींचा शिंपी कोण?" माझा शिंपी तिने आजवर विचारला नव्हता.

एका तरुण चित्रकाराने प्रदर्शनात उसाचं वाळलेलं पाचट छतापासून जमिनीपर्यंत टांगलं होतं. मी आधी एकटी जाऊन ते बघून आले होते. माहितीपत्रक पाठ झालं होतं, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या चित्रकाराशी एक शब्दही बोलले नव्हते. वहिनीला घेऊन गेले तर ती सरळ त्याच्याकडे गेली. "पावणं, सगळं झ्याक हाय, पर वास न्हाई. पाणी मारा की जरा." त्याने खरंच पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या दालनात रानाचा वास भरला. पुढे पाचटाला बुरशी धरली. मला मनातून बरं वाटलं. पण चित्रकाराला ती बुरशीच इतकी आवडली की त्याने बाहेरच्या फलकावर वहिनीचे आभार मानले. तिच्या चुकासुद्धा वाया जात नसत.

माझं म्हणून तरीही एक ठिकाण उरलं होतं. एका कॅफेच्या माळ्यावर दर रविवारी काही जण जमतात. ज्याला लावायचं असेल त्याने हात वर करायचा, स्वतःला सापडलेलं एक गाणं लावायचं, आधी दोन वाक्यं बोलायची. मी वर्षभर जात होते आणि हात वर केला नव्हता. पण एक गाणं माझ्याकडे तयार होतं. एका थंड बेटावरची बाई, बरोबर एकच वाद्य, जगात ऐकणारे मोजके. आमच्या घरी गाण्यांच्या ॲपचं एकच खातं होतं, दादाच्या नावाचं, आणि ते तिघांच्या फोनवर चालायचं. मी जे ऐकायचे त्यावरून ॲप घराची आवड ठरवायचं, आणि सकाळी भाकरी थापणाऱ्या वहिनीपुढे तेच ठेवायचं. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. ती आपली म्हणायची, "आज एक भारी गावलं."

एका रविवारी ती हट्टाने माझ्याबरोबर आली. जिन्यातच मी ठरवलं होतं, आज हात वर करायचा. ती बसायच्या आधी तिचा हात वर गेला.

"बाईचं नाव मला येत न्हाई," ती म्हणाली. "परवा भाकरी थापताना गावलं. ऐकता ऐकता भाकरी करपली, तरी मला सासूची भीती वाटली न्हाई."

सगळे हसले. मग माझी बेटावरची बाई गायला लागली. गाणं संपलं. त्या बाईचं नाव, बेटाचं नाव, सगळं माझ्या ओठांवर होतं. वहिनीने वळून विचारलं, "कसं हाय, वन्सं?"

"छान आहे," मी म्हणाले. घरी येताना रिक्षात ती तेच गुणगुणत होती. मी दुकानांच्या पाट्या वाचत होते.

त्यानंतर माळ्यावर मी 'वहिनींची नणंद' झाले.

मग दादाची बदली हुबळीला झाली. सामान गेलं, स्वयंपाकघर शांत झालं. वाटलं, आता सगळं आधीसारखं होईल. पण आई भाकऱ्या थापताना गप्प असायची, आणि माळ्यावर पहिला प्रश्न यायचा, "वहिनी काय म्हणतात?"

एक दिवस तिचाच फोन आला. "वन्सं, हितलं ॲप बिघडलंय. तुझ्या दादानं नवीन खातं काढून दिलंय, तर नुसती वरातीतली गाणी वाजवतंय. तिकडं कसं रोज कायतरी गावायचं."

हो हो म्हणून फोन ठेवता आला असता. मी सांगून टाकलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "म्हंजे वर्षभर मी तुझं उष्टं ऐकत हुतो व्हय?"

"हो."

"ती करपलेल्या भाकरीची बाई पण?"

"तीही."

"आणि तू तितं छान आहे म्हणून गप बसलीस. तोंडात गुळणी धरलीवतीस काय?"

संध्याकाळी रविवारच्या मंडळींच्या ग्रुपवर तिचा आवाज आला. "पावणं, ते गाणं माझ्या नणंदेला गावलंय, मला न्हाई. मी नुसतं वाजवलं. काय कौतुक करायचं ते तिचं करा." खाली उत्तरांची रांग लागली. वहिनींचं मन किती मोठं. अशी वहिनी मिळायला नशीब लागतं. मी त्या गायिकेचं नाव लिहिलं, तर कुणीतरी त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि पुन्हा वहिनींबद्दल लिहिलं.

मी तिला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. "माझं गाणं परत केलंत, आणि कौतुक पुन्हा तुमचंच झालं."

ती बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "हे असं बोलायचं की तितं. मी काय हुबळीवरनं येऊन तुझा हात धरतोय व्हय?"

धरत नव्हती. ती इथे होती तोवर माझ्या गप्प बसण्याबद्दल निदान तिच्याकडे बोट दाखवता येत होतं. रविवारी मी माळ्यावर गेले आणि कुणी वहिनींची चौकशी करायच्या आत हात वर केला.