कम्प्युटरच्या बाईला लग्नपत्रिका

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून चालत येतात आणि चहा मागतात! त्यातून नव्वदच्या सुमाराला आमच्या धुळ्याच्या एक्स्चेंजमध्ये बोलणारा कम्प्युटर आला. सुटे शब्द जोडून तो बाईच्या आवाजात सांगायचा, "या मार्गावरील... सर्व लाइनी... व्यस्त आहेत." झालं, लोकांना वेडच लागलं.

*

आमच्या साहेबांनी जन्मात कुणाला 'थँक्यू' म्हटलं नव्हतं. टेस्टिंगच्या दिवशी बाई बोलली आणि साहेब खुर्चीतून उठून उभे! वर "थँक्यू मॅडम!" आम्ही सगळ्यांनी फायलीत तोंड घातलं.

*

एका वकिलांनी लेखी तक्रार दिली, 'सदर बाई माझं म्हणणं ऐकून घेत नाहीत.' ते मशीन आहे, असं आम्ही समजावलं. वकील म्हणाले, "असेल! पण समोरच्याचं ऐकून घ्यायला काय जातं?"

*

चाळीसगावहून बदलून आलेल्या एका मास्तरांना तो आवाज ऐकला की दरदरून घाम फुटायचा. कारण विचारलं तर म्हणाले, "आमची ही रागावली की अशीच थांबत थांबत बोलते!"

*

या गमतीत जीव टांगणीला लागला होता कुसुमअक्कांचा. वीस वर्षं ट्रंकबोर्डावर बसून त्यांनी खेड्यापाड्यांचे कॉल जोडले. "ओरडू नका, ऐकू येतंय!" हेच त्यांचं हॅलो. साहेबांनी सुनावलं, "मशीन गोड बोलतं, लोकांना तेच हवंय. एक तारखेपासून तुम्ही रेकॉर्डरूममध्ये." अक्कांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला साहेबांचा मनस्वी राग आला.

*

त्याच आठवड्यात शिंदखेड्याकडचे एक नाना बायकोला घेऊन आले. हातात लेकीची लग्नपत्रिका, रुमालात अक्षता. "फोनवरली ताईले पत्रिका देवानी शे. किती गोड बोलस!"

"अहो नाना, तो कम्प्युटर आहे," साहेब म्हणाले.

"मंग काय झाये? कम्प्युटरले आमंतन देवानं नही का?"

साहेब खूश. मशीनच्या खोलीत घेऊन गेले. नानांनी कपाटाएवढ्या मशीनवर पत्रिका ठेवली, अक्षता टाकल्या. काकूंनी कुंकवाचं बोट पुढे केलं, तोच दारातून अक्का कडाडल्या, "ओ! हात लावू नका! मशीन आहे ते, देव नाही!"

काकूंचं बोट हवेतच राहिलं. नाना गर्रकन वळले.

"अक्का? सुरतना ट्रंककॉल लाई देनारी अक्का?"

वीस वर्षं फोनवर नुसता आवाज ऐकलेला, दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. नानांनी मशीनवरची पत्रिका उचलली आणि दोन्ही हातांनी अक्कांपुढे धरली. अक्कांनी पदराला हात पुसले.

"ही कोन शे?" काकूंनी विचारलं.

नाना छाती फुगवून म्हणाले, "वळखत नही? वीस वरीसपासून मी हिन्या शिव्या खाई ऱ्हायनू! लाव, कुकू लाव!"