आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची

माझ्या थोरल्या नणंदबाईंना कुणी 'नाही' म्हटलं की त्यांच्या अंगात दुप्पट बळ येतं, असं माझा नवरा म्हणतो. तो त्यांचा धाकटा भाऊ, त्यामुळे त्याने हे बळ लहानपणापासून भोगलंय. मला विचाराल तर बाई सरळ आहेत, फक्त वाकत नाहीत. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, मी त्यांना ताई म्हणते. कलासंग्रहालयात त्यांचं काम एकच: संध्याकाळी चित्रांची दालनं समारंभांना द्यायची. कंपन्यांची जेवणं, कुणाचं लग्न, कुणाचा साठावा वाढदिवस. चित्रांच्या मधोमध टेबलं मांडून माणसं जेवू घालायची आणि सकाळी दालन असं परत द्यायचं की रात्री इथे कुणी जेवलं हे झाडूवाल्यालाही कळू नये.

सोपं नाही ते. मेणबत्ती चालत नाही, लाल रंगाचं पेय चालत नाही, भिंतीजवळ टेबल सरकलं की ताई तिथे हजर. एका नवरीला एका जुन्या राजाच्या चित्रावर पाकळ्या उधळून फोटो काढायचा होता. ताई तिला म्हणाल्या, "राजेसाहेबांना शिंका येतात हो." ती बिचारी हसली आणि तिने पाकळ्या नवऱ्यावर उधळल्या. फुलं माझी असतात. माझं फुलांचं छोटं दुकान आहे. संग्रहालयात कुंडी न्यायची नाही, माती न्यायची नाही, एकेक देठ धुऊन, पान उलटं करून बघायचं. एक किडा आत गेला तर चित्राची चौकट खाईल. लोकांना वाटतं मी फुलं सजवते. मी खरं म्हणजे किडे शोधते.

आता खांबकाका. संग्रहालयातले सगळ्यात जुने गार्ड. दालनाच्या कोपऱ्यात खांबासारखे उभे असतात म्हणून खांबकाका, आणि ते स्वतःसुद्धा फोनवर 'खांब बोलतोय' असंच म्हणतात. दिवसा गार्डला बसायला स्टूल असतं. पण संध्याकाळी दालन भाड्याने गेलं की स्टुलं गोदामात. का, तर पाहुण्यांच्या फोटोत येतात. सकाळपासून ड्यूटी केलेला माणूस मग समारंभ संपेपर्यंत उभा. मागे एका जेवणाच्या वेळी खांबकाकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तोल सावरायला त्यांनी भिंतीला हात लावला, चित्राच्या अगदी शेजारी. कुणा पाहुणीने तक्रार केली. काकांना लेखी ताकीद मिळाली की चित्रांना हात लावू नये. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलेल्या माणसाला.

त्या दिवशी ताई घरी आल्या त्या धुमसतच. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक समारंभात काकांच्या कोपऱ्यात गोदामातली एक खुर्ची दिसायला लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पाहुण्यांपैकी एकाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. जेवताना कोण गार्डकडे बघतो?

मग आली ती गाद्यांची कंपनी. गाद्या, सोफे, आरामखुर्च्या बनवणारी, मोठं नाव असलेली. त्यांच्या वर्धापनदिनाचं जेवण मोठ्या दालनात ठरलं. तयारी बघायला त्यांच्याकडून एक तरुण बाई आली. हातातला टॅब तिने एकदाही खाली ठेवला नाही, म्हणून आमच्यात तिचं नाव टॅबवाली. तिने दालनात चक्कर मारली, टॅबवर बोट फिरवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीशी थांबली.

"ही काढून टाका."

"ती राहणार," ताई म्हणाल्या.

"आमचं सगळं फर्निचर आम्ही आणतोय. ही फ्रेममध्ये येते. आणि गार्ड बसलेला दिसणं बरं नाही, आळशी वाटतं."

आरामखुर्च्या विकणारी कंपनी, बरं का. मी फुलदाण्या मोजत होते, त्या तशाच राहिल्या.

टॅबवाली थेट संचालकसाहेबांकडे गेली आणि साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. इथे एक सांगायला हवं. ताई इतकी वर्षं दरवर्षी नव्या करारावर काम करतात. यंदा त्यांना कायम करायचं पत्र सहीसाठी साहेबांच्या टेबलावर आलं होतं. कायम म्हणजे आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन, आणि दरवर्षी करार संपायच्या सुमाराला लागणारा घोर बंद. साहेब आवाज चढवणारे नाहीत. त्यांनी ते पत्र नुसतं समोर सरकवलं आणि म्हणाले, "एका खुर्चीसाठी हे अडवून घेऊ नका. गुरुवारी त्या दालनात गार्डची खुर्ची दिसता कामा नये." आणि गोदामाची किल्ली स्वतःच्या खणात टाकली.

घरी मी ताईंशी भांडले. भांडलेच, उगाच गोड शब्द कशाला वापरू. म्हटलं, "काकांसाठी वाईट मलाही वाटतं. पण एक संध्याकाळ उभे राहतील ते. तुम्ही आधी कायम व्हा, मग काय राजसिंहासन मांडायचं ते मांडा."

"आधी कायम झाले की मग भीती वाटायला लागेल," ताई म्हणाल्या. "जे हातात असतं त्याचीच भीती वाटते गं."

"मला तर आत्ताच वाटतेय."

"तुझा स्वभावच भित्रा आहे, त्याला मी काय करू," असं म्हणून त्या भाजी चिरायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुरी त्यांच्या हातात होती.

गुरुवारी संग्रहालयाच्या मागच्या दाराशी मी माझ्या टेम्पोतून बादल्या उतरवत होते. शेवटची बादली उचलली आणि तिच्या मागे बघते तर आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची. सासरेबुवांची, काथ्याने विणलेली, एक पाय मोडून परत जोडलेला. मी काही बोलायच्या आत ताईंनी ती खांद्याला अडकवली आणि आत गेल्या. मी मागून गेले. त्यांनी खुर्ची कोपऱ्यात ठेवली, पिशवीतून एक छोटं कार्ड काढलं, संग्रहालयातल्या प्रत्येक चित्राशेजारी असतं अगदी तसलं, आणि भिंतीवर लावलं.

खुर्ची. लाकूड आणि काथ्या. एक पाय दुरुस्त केलेला. कलाकार अज्ञात. कृपया हलवू नये.

मी ते दोनदा वाचलं. "ताई, हे काय आहे?"

"त्यांनी सही केलेल्या करारात लिहिलंय, दालनातली कोणतीही कलाकृती हलवता किंवा झाकता येणार नाही. वाचून सही करायची असते."

टॅबवाली आली. तिने कार्ड वाचलं. टॅबवर करार उघडला, तोही वाचला. मग अदबीने खुर्चीपासून दोन पावलं मागे सरकली आणि आपल्या माणसांना म्हणाली, "याला धक्का लावू नका." तिच्या माणसांनी तर खुर्चीवर छोट्या दिव्याचा झोत सोडला. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

पाहुणे आले. मंचावर कंपनीचा मोठा फलक होता, त्यावर लिहिलेलं: 'एकदा बसाल, उठावंसं वाटणार नाही.' लोक आमची खुर्ची बघून माना डोलवत होते. एका गृहस्थाने बायकोला त्या मोडक्या पायाचा अर्थ समजावून सांगितला. तो पाय माझ्या नवऱ्याने लहानपणी खुर्चीवर उड्या मारून मोडला होता, पण असो.

खांबकाका कोपऱ्यात येऊन उभे राहिले. ताई त्यांच्याजवळ गेल्या. "बसा काका."

"नको बाई. तुमचं पत्र अडकेल."

"पत्राचं मी बघते. तुम्ही गुडघ्यांचं बघा."

काका हळूच टेकले. टॅबवालीने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ती धावत साहेबांकडे गेली. साहेब टेबलांमधून वाट काढत आले, कार्ड वाचलं, खुर्चीकडे बघितलं. तेवढ्यात मंचावरचं एक भाषण संपलं होतं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं, त्यामुळे दालन शांत होतं.

"हे काय चाललंय?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

ताईंनी आवाज दाबला नाही. चढवलाही नाही. रोज बोलतात तशाच बोलल्या. "कार्ड खोटं आहे साहेब, मी लिहिलंय. खुर्ची आमच्या घरची आहे. माणूस मात्र संग्रहालयाचा आहे. याला उठवायचं असेल तर मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. इथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने."

आणि त्यांनी स्वतःच भिंतीवरचं कार्ड काढून साहेबांच्या हातात दिलं.

जवळच्या टेबलांवरच्या माना वळल्या. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दालनातला जो तो बसलेला होता. काका उठायला लागले तर ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कार्ड खिशात घालून साहेब आपल्या टेबलाकडे निघून गेले, आणि पुढचं भाषण सुरू झालं. काका शेवटपर्यंत बसले. फलकावर लिहिल्याप्रमाणे.

पत्रावर सही झाली नाही. ताईंच्या हातात परत वर्षाचा करार आला. साहेबांनी काढूनच टाकलं असतं, पण समारंभ सांभाळणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं. पुढच्या समारंभाला मात्र साहेब दालनात शिरले आणि जागच्या जागी थांबले. प्रत्येक कोपऱ्यात गार्ड आपापल्या घरची खुर्ची घेऊन बसला होता. कुणाची प्लास्टिकची, कुणाची घडीची, एकाने तर न्हाणीघरातलं स्टूल आणलं होतं. ताईंनी कुणालाही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगते. साहेब म्हणाले, हे काय भंगाराचं दुकान मांडलंय, गोदामातल्या चांगल्या खुर्च्या तरी काढा. आणि खणातली किल्ली आणून दिली.

आमची खुर्ची काही परत आली नाही. काकांना तीच सोयीची वाटते. करार हातात आला त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याने जेवत होत्या. ताट एका हातात, नजर खिडकीबाहेर. थकल्या होत्या, पण कबूल करतील तर शपथ. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींचं काय करावं समजेना. मी उठले आणि माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा ताई."

"आणि तू?"

"माझे गुडघे शाबूत आहेत अजून. बसा म्हटलं ना."

त्या बसल्या. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "पाहुण्यांसाठी एवढा स्वयंपाक होतो. गार्ड लोक मात्र घरचा डबा जिन्याखाली बसून खातात. बघितलंयस तू?"

मी ओट्याला टेकले. टेम्पोत ताटं किती मावतील, याचा मी आधीच विचार करत होते.