मैनाबाईची चौथी पट्टी

सातपाटीची मैनाबाई पालघरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बरण्या पुसायच्या, मुलांनी फोडलेल्या काचनळ्या गोळा करायच्या आणि फोडणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, हे तिचं काम. शिक्षण सातवी. पण बरणीवरची चिठ्ठी चुकली असली की दारातूनच सांगायची, "सर, ह्यो हलवा नाय, सरंगा हाय." झुंबर सर पडले नगरकडचे, पक्के शाकाहारी. माशांवर तासच्या तास बोलत, पण बाजारात मासा ओळखायची बोंब. ते मुकाट चिठ्ठी बदलत.

शहाण्णव साली सरांनी मुंबईहून एक नवंच खूळ आणलं. म्हणे प्रत्येक जिवाच्या पेशीत चारच अक्षरांची लांबलचक ओळ असते. दोन माशांच्या ओळी शेजारी ठेवून ताडल्या की कोण कुणाच्या जवळचा ते कळतं. मुंबईत हे काम संगणक करतो. इथे सगळ्या कॉलेजात एकच संगणक, तोही ऑफिसात झाकून ठेवलेला. मग सरांनी आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या आणि एका चौकोनात एक अक्षर लिहिलं.

अक्षरं इंग्रजी, मैनाबाईच्या डोळ्यांना त्यांचा जाच. तिने लेकीच्या पेटीतून चार रंगीत पेन्सिली आणल्या आणि एकेका अक्षराला एकेक रंग ठरवून नव्या पट्ट्यांच्या घरांत अक्षराऐवजी तो रंगच भरला. झालं! मुलं अजून बोट ठेवून वाचताहेत, तोवर बाईने पट्टीखाली पट्टी सरकवून जुळलेली घरं मोजूनसुद्धा टाकलेली. एकदा दोन पट्ट्या निम्म्यापर्यंत छान जुळल्या आणि पुढे नुसता गोंधळ. मुलांनी हात टेकले. मैनाबाईने एक पट्टी मधोमध कापली, उजवीकडचा तुकडा एक घर पुढे सरकवला आणि मध्ये जागा कोरी ठेवली. पुढचं सगळं जुळलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"यात काय शिकवायचं? जाळ्याचा एक डोळा गेला तर बाकीचं जाळं ओढून नाय बसवत आमी. त्याची जागा सोडायची."

सरांनी ही गोष्ट पुढचा आठवडाभर भेटेल त्याला सांगितली.

एप्रिलात मुंबईच्या एका संस्थेतून देशमुख मॅडम आल्या. आसपासच्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळा कामगारांपैकी एकाला त्या आठ दिवस शिकायला नेणार होत्या, खऱ्या संगणकावर. मैनाबाईला ती जागा हवी होती. किती हवी होती? मॅडमचं पत्र आल्यापासून महिनाभर तिने फुटलेल्या नळीवरून एकाही पोराला बोल लावला नव्हता, इतकी.

परीक्षेला पाच माशांच्या ओळी दिल्या, नावं झाकलेली. मैनाबाईने पट्ट्या रंगवल्या, सरकवल्या आणि सांगितलं, चौथी या घरातली नाही, बाकीच्या चौघी एकमेकींच्या नात्यातल्या. डहाणूच्या कॉलेजातून आलेला चिंतू मात्र म्हणाला, चौथी ही दुसरीची सख्खी बहीण. या ओळी संगणकावर अजून पडताळलेल्या नव्हत्या. मैनाबाईची मोजणी इतकी नेटकी होती, की मॅडमनी चिंतूचं उत्तर चूक धरलं आणि हिचं नाव लिहिलं.

संध्याकाळी ओट्यावर तिचा नवरा गोमा जाळं सांधत होता. नवा तुकडा त्याने उचलला, उलटसुलट फिरवला आणि हव्या त्या टोकाने जोडायला घेतला. बघता बघता मैनाबाईला परीक्षा आठवली. चौथी पट्टी टेबलावरून पडली होती, तिनेच उचलून लावली होती. अक्षरं असती तर उलटी दिसली असती. रंगांना कुठलं डोकं नि कुठले पाय!

गोमाला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप ऱ्हा. कुनाला कळतंय?"

"त्या चिंतूला कळलं होतं," ती म्हणाली. मग जेवण गेलं नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीने ती पालघरला आली आणि मॅडम निघायच्या आत विश्रामगृहावर जाऊन उभी राहिली. त्यांच्याकडून पट्ट्या मागून घेतल्या आणि चौथी फिरवून दुसरीखाली ठेवली. चार-दोन घरं सोडली तर सगळी जुळली. "मी उलटी लावली होती मॅडम. चिंतूचं बरोबर हाय."

मॅडमनी घरं पुन्हा मोजली. मग तिचं नाव खोडून त्यांनी चिंतूचं लिहिलं. "मला फार वाईट वाटतंय हो," त्या म्हणाल्या.

"मलापन," मैनाबाई म्हणाली. कॉलेजात येऊन बरण्यांच्या खोलीत बसली आणि पदर तोंडात धरून पोटभर रडली.

झुंबर सर दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. निदान मला आधी सांगायचंत, एवढंच त्यांचं म्हणणं. नंतर कॉलेजला सुट्टी लागली.

जूनमध्ये नवा वर्ग भरला, तेव्हा सरांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि पट्ट्यांचा गठ्ठा ठेवला. "पहिला तास तुमचा."

तीस पोरं समोर, सगळी बारावी झालेली. तिने गठ्ठ्यातून चौथी पट्टी शोधून वर धरली.

"आदी माझी चूक बघा," ती म्हणाली, आणि मुंबईची जागा कशी गेली ते पहिल्यापासून सांगायला लागली. मागच्या बाकावर बसून झुंबर सर वहीत लिहून घेत होते.