लाल झालेला चट्टा

कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले आणि विमलमावशींच्या दंडावरचा कित्येक वर्षांचा फिकट चट्टा लाल होऊन सुजला. घाबरून त्या आमच्या दवाखान्यात आल्या. मी शेजारी केसपेपर लिहीत होते.

"औषध बाधलं. मी गोळ्या बंद करते," त्या म्हणाल्या.

"बंद करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या रोगाशी लढणाऱ्या पेशींनी आता जंतू ओळखलेत. एकमेकींना हाका मारून त्या तिथे जमल्यात. या झटापटीत नस दुखावू नये म्हणून सूज उतरवायचं औषध देते."

"मग इतकी वर्षं त्या गप्प का होत्या?"

"ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

माझं पेन थांबलं. पहिली हाक कुठल्या पेशीने दिली असेल?

मावशींनी गोळ्या पिशवीत ठेवल्या. मग लेकराचा ताप बघावा तसा त्या दंडावर हात ठेवून बसल्या.