युस्टिना मावशी आणि आखूड होत गेलेलं स्टूल

चाकोच्या ओसाड रानातल्या आमच्या ख्रिस्ती वसाहतीत डॉक्टर येण्याआधी एकच इलाज होता, युस्टिना मावशी. आमच्या बोलीत हाडं बसवणारीला ‘सरळ करणारी’ म्हणतात. लहानपणी तिच्या आईनं कापलेल्या वासराची मोडकी हाडं पिठाच्या पोत्यात घालून ती आत न बघता जुळवायला लावली होती. तेव्हापासून तिचे डोळे बोटांत उतरले, असं लोक म्हणत. जीभ मात्र तोंडातच राहिली, आणि ती भलतीच तिखट होती.

बैलाची लाथ बसून माझं मांडीचं हाड मोडलं, ते तिनंच बसवलं. पायाला बांधलेल्या फळ्या सोडल्या तेव्हा गुडघ्याचं लाकूड झालेलं. पेंटेकॉस्टच्या सणाला माझा बाप्तिस्मा होता. तो आमच्यात गुडघे टेकूनच घेतात, आणि तो झाल्याशिवाय लग्न नाही. माझ्याशी लग्न ठरलेली सुझाना थांबायला तयार होती. तिचा बाप मात्र थांबायला तयार नव्हता.

“मावशी, एक झटका दे आणि मोकळा कर,” मी म्हणालो.

“म्हणजे पुन्हा मोडून घेशील नि माझ्या नावानं रडशील! कोर्न्या, उद्यापासून माझ्या गाईचं दूध तू काढायचं.”

रोज ती शेंगदाण्याच्या कोमट तेलानं गुडघा रगडायची, मग मला उंच स्टुलावर गाईपाशी बसवायची. दर शनिवारी करवतीनं स्टुलाचे पाय बोटभर कापायची. तेवढा गुडघा जास्त वाकवावा लागे. मी बोंबलायचो.

“ओरड, ओरड. गाईला सवय झालीय.”

“फुकटात दूध काढून घेतेस!”

“मग काय तंगडं शोभेला ठेवू तुझं?”

तेराव्या शनिवारी स्टुलाची नुसती बसायची फळी उरली.

प्रार्थनाघरात बायका एका बाजूला बसतात, आणि तिथं त्या बोलत नाहीत. मावशीही साठ वर्षांत बोलली नव्हती. पेंटेकॉस्टच्या दिवशी मी गुडघे टेकले, डोक्यावर पाणी पडलं. पाळकांनी उठवायला हात पुढे केला आणि माझा धीरच सुटला. फळीवरून उठताना मी गाईला धरायचो. इथं गाय नव्हती. हाड पुन्हा मोडेल या भीतीनं मी जागचा हलेना. सुझानाचा बाप मान उंचावून बघत होता.

“ऊठ रे कोर्न्या! ते हाड मी बसवलंय!”

सगळ्या माना बायकांच्या बाजूला, मावशीकडे वळल्या. मी उठलो, पाळकांचा हात न धरता, आणि सगळ्यांदेखत रडलो.

नंतर पाळकांनी मावशीला जाब विचारला. डोक्यावरच्या रुमालाआड न लपता ती म्हणाली, “मी कुठं बोलले? मी त्याच्या गुडघ्याला सांगत होते.”